चिकलठाणा ते सांताक्रूझ : एक सरळ रेघ

चिकलठाण्याच्या धावपट्टीपासून सांताक्रूझच्या धावपट्टीपर्यंत नकाशावर सरळ रेघ ओढली तर ती २७९ किलोमीटर भरते. वैमानिकांच्या मापात दीडशे सागरी मैल. तिकिटावर मात्र किलोमीटर नसतात, तिथे वेळ असते: सव्वा तास, पाचदहा मिनिटे इकडेतिकडे. आता ताशी आठशे किलोमीटर पळणाऱ्या यंत्राला २७९ किलोमीटर जायला सव्वा तास कशाला हवा? शाळेतल्या गणिताने उत्तर एकवीस मिनिटे येते. उरलेली पन्नासेक मिनिटे जातात कुठे, आणि घराच्या उंबऱ्यापासून मोजले तर आणखी किती जातात, हे एकदा नीट पाहायचे म्हणून हिवाळ्यातल्या एका सकाळी छत्रपती संभाजीनगरहून मुंबईला निघालो. फोर्टात काम होतेच.

सिडकोत राहणाऱ्याला विमानतळ म्हणजे शेजारचे गाव. मुकुंदवाडी मागे पडली की जालना रोडवर डाव्या-उजव्या हाताला कारखान्यांची कुंपणे सुरू होतात आणि रिक्षा पंधरा मिनिटांत चिकलठाण्याच्या फाटकाशी उभी राहते. रिक्षावाल्याला माझा बेत पसंत नव्हता. “मुंबईलाच चाललात ना? मग विमानानं कशाला? वंदे भारत आहे की.” मी म्हटले, दुपारच्या आत पोचायचे आहे. त्यावर तो गप्प झाला, कारण मुद्दा त्यालाही ठाऊक होता. ३० डिसेंबर २०२३ ला ही गाडी जालन्याहून सुरू झाली तेव्हा ती दुपारी बाराच्या सुमारास मुंबईत पोचायची. ऑगस्ट २०२५ मध्ये ती नांदेडपर्यंत गेली. नांदेड-परभणीकरांची सोय झाली, ती व्हायलाच हवी होती. पण आमच्या शहरात ती आता सकाळी आठनंतर येते आणि मुंबईत उतरेपर्यंत सरकारी कचेऱ्यांची जेवणाची सुट्टी होऊन गेलेली असते. अंतर तेवढेच राहिले, तास तेवढेच राहिले, तरी एक अख्खा कामाचा दिवस हातातून गेला. वेळापत्रक हे अंतरापेक्षा मोठे असते, हे या शहराला रेल्वेने शिकवले आणि विमानाने पुन्हा पुन्हा वदवून घेतले.

चिकलठाण्याची इमारत शहराच्या गरजेपेक्षा थोड्या मोठ्या स्वप्नावर बांधलेली आहे. अजिंठा-वेरूळ परिसराच्या जतनासाठी आणि पर्यटनासाठी जपानच्या कर्जातून जो प्रकल्प उभा राहिला, त्याच्या दुसऱ्या टप्प्यात विमानतळाचे कामही होते. २००९ च्या सुमारास ही नवी इमारत वापरात आली. बौद्ध लेणी पाहायला जपानी, कोरियन, थाई पाहुणे थेट इथे उतरतील अशी तेव्हाची कल्पना. पाहुणे येतात, पण बहुतेक मुंबई-दिल्लीला उतरून मग. सकाळी दोनतीन विमाने गेली की प्रशस्त दालनात सफाई कामगारांच्या मॉपचा तेवढा आवाज उरतो. मुंबई-दिल्लीच्या रांगा पाहिलेल्या माणसाला इथली सुरक्षा तपासणी सुखाची वाटते. चार माणसे पुढे, चार मागे. पट्टा काढा, लॅपटॉप बाहेर, झाले.

पण हे सुख फुकट जाते. सामान देण्याची खिडकी उड्डाणाआधी एक तास बंद होते. हा नियम दिल्लीला जेवढा, तेवढाच चिकलठाण्याला. म्हणजे घरापासून पंधरा मिनिटांवर असलेल्या, रांग नसलेल्या विमानतळावरही माणूस दीड तास आधी येऊन बसतो आणि बाहेरच्यापेक्षा चौपट भावाचा चहा पितो. हरवलेल्या वेळेचा पहिला मोठा हप्ता इथे कापला जातो. त्यात एखाद्या दिवशी मुंबईहून येणारे विमानच उशिरा आले, की तेच विमान आपल्याला परत न्यायचे असल्याने आपला उशीर ठरलेला. इथे मुक्कामाला विमान नसते, हे त्यामागचे साधे कारण.

विमान धावपट्टीच्या टोकाला वळून उभे राहिले. धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. या शहरातल्या पन्नाशीपुढच्या माणसाला पूर्वेकडच्या टोकाची आठवण २६ एप्रिल १९९३ ची आहे. दिल्लीहून जयपूर, उदयपूर, औरंगाबाद करत मुंबईला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ उन्हाच्या दुपारी इथून उडाले. टोकापाशी रस्त्यावरून जाणाऱ्या, कापसाच्या गाठींनी भरलेल्या ट्रकला त्याचे चाक लागले, पुढे ते उच्च दाबाच्या विजेच्या तारांवर गेले आणि तीनेक किलोमीटरवर शेतात कोसळले. ११८ पैकी ५५ माणसे गेली. वैमानिकाने विमान उचलायला उशीर केला, आणि विमानांच्या वेळेत त्या रस्त्यावरची वाहतूक कुणी थांबवली नाही, या दोन्ही गोष्टी चौकशीत पुढे आल्या. चिकलठाणा समुद्रसपाटीपासून ५८० मीटर उंचावर आहे आणि एप्रिलची दुपार म्हणजे हवा विरळ. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते आणि विमानाला जास्त पळावे लागते. म्हणून आमचे विमान थंडीतल्या सकाळी अर्ध्या धावपट्टीतच अलगद सुटले तेव्हा मला बरे वाटले.

तिकिटावरचा सव्वा तास चाकांमागचे ठोकळे काढल्यापासून ते मुंबईत पुन्हा ठोकळे लावेपर्यंतचा असतो. त्यात दोन्हीकडचे जमिनीवरचे रांगणे येते, मुंबईच्या आकाशात घालावी लागणारी एखादी घिरटी येते, आणि कंपनी स्वतःसाठी थोडी मिनिटे राखून ठेवते, ती वेगळीच. वेळेआधी उतरलो अशी जी घोषणा होते ती याच राखीव मिनिटांच्या जिवावर. हवेतला प्रवास चाळीसेक मिनिटांचा. तोही आठशेच्या वेगाने होत नाही. उतरताना साधा आडाखा असा, की दर हजार फुटांना तीन सागरी मैल लागतात. वीस हजार फुटांवरून खाली यायला साठ मैल हवेत. चढायला चाळीस-पन्नास. दीडशे मैलांतून हे वजा करा. सरळ उडायला उरतात फार तर पन्नास. म्हणूनच पट्टे बांधण्याचा दिवा विझतो, हवाईसुंदरी पाण्याच्या बाटल्या घेऊन निम्म्या रांगांपर्यंत येते आणि तेवढ्यात कॅप्टन सांगतो, आपण आता उतरायला सुरुवात करत आहोत. अशा अंतराला जेट विमान हे थोडे उधळपट्टीचेच काम आहे. पंख्याचे एटीआर ताशी पाचशेने जाते, पण या टप्प्यावर जेटपेक्षा जेमतेम सातआठ मिनिटे मागे राहते आणि इंधन बरेच कमी खाते.

मात्र खिडकीपाशी बसलेल्याला ही चाळीस मिनिटे पुरत नाहीत. विमान पश्चिमेकडे उडाले तर उजवीकडे देवगिरीचा सुळका आधी दिसतो. वरून तो किल्ला वाटत नाही, कुणी चाकूने कडा तासलेला डोंगर वाटतो. डावीकडे नाथसागराचे, म्हणजे जायकवाडीचे, पाणी लांबवर चकाकते. मग गोदावरी ओलांडली की एकदम हिरवे होते. हा श्रीरामपूरचा ऊसपट्टा, प्रवरेच्या कालव्यांवरचा. जवळच लोणीला १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला. मराठवाड्याच्या करड्या जमिनीतून निघालेला प्रवासी ही हिरवळ जरा हेव्यानेच पाहतो. पाण्याचे राजकारण समजून घ्यायला एवढी दोन मिनिटे खिडकीतून पाहणे पुष्कळ आहे: वरची धरणे, मधला ऊस आणि खाली वाट पाहणारे जायकवाडी.

घरी मी नकाशावर पट्टी ठेवून ही रेघ ओढली होती. ती श्रीरामपूरवरून जाते, संगमनेरच्या थोडी दक्षिणेकडून पुढे सरकते, हरिश्चंद्रगडाच्या जवळजवळ डोक्यावरून सह्याद्री ओलांडते, मुरबाडवर उतरते आणि कल्याण-डोंबिवली करत मुंबईत शिरते. गाव वाचता वाचता माझा हात थांबला. ही वाट ओळखीची होती. हरिश्चंद्रगडाच्या खाली, रेघेपासून चारपाच किलोमीटरवर, नाणेघाट आहे. पैठणहून जुन्नरमार्गे कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे जाणारी सातवाहनांची वाट तीच. पैठण आपल्या शहरापासून पन्नासेक किलोमीटर दक्षिणेला. म्हणजे चिकलठाण्याहून मुंबईला जाणारे विमान, कागदावर तरी, दोन हजार वर्षांपूर्वीच्या बैलांच्या तांड्यांच्या शेजारून उडते.

नाणेघाटाच्या तोंडाशी डोंगरात खोदलेली लेणी आहे. तिच्या भिंतींवर नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञ केले, दक्षिणा दिल्या, इतक्या गाई, इतके कार्षापण, असे आकडेच्या आकडे त्यात कोरले आहेत. भारतीय अंकांच्या इतिहासात हा लेख म्हणूनच मोलाचा ठरला. राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती तिथे होत्या. त्यांची नावे उरली, मूर्तींचे पाय तेवढे शिल्लक आहेत. घाटमाथ्यावर दगडाचा एक भला मोठा रांजण आहे. जाणारा-येणारा जकातीची नाणी त्यात टाकायचा, असे सांगतात. विमानाच्या तिकिटात भाड्याखाली बारीक अक्षरांत विमानतळ वापराचे, सुरक्षेचे शुल्क असते, तेव्हा मला हा रांजण आठवतो. फरक इतकाच, की रांजण दिसत होता.

त्या वाटेला किती दिवस लागायचे? पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये पैठणचे नाव आहे. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, असे तो म्हणतो. आडवाटांनी गाड्यांतून अकीक दगड भडोचला येतो, असेही सांगतो. भडोच-पैठण सरळ रेघेत साडेतीनशे किलोमीटर. म्हणजे दिवसाला साडेसतरा. याच चालीने पैठणहून कल्याण गाठायला दोन आठवडे लागले असते. हा हिशेब माझा आहे, त्या खलाशाचा नाही. पण त्याचे मोजमाप मला तिकिटावरच्या मोजमापासारखेच वाटते. त्यालाही अंतर कोसांत सांगायचे नव्हते, दिवसांत सांगायचे होते. प्रवाशाला तेवढेच हवे असते.

गंमत अशी, की बैलांनी धरलेली वाट विमानाने धरली, पण मधल्या काळातल्या रेल्वेने ती सोडली. इंग्रजांनी मुंबईहून वर चढण्यासाठी कसाऱ्याचा थळघाट निवडला, १८६५ मध्ये तो खुला झाला. पुढे १९०० च्या सुमारास निजामाची मीटरगेज गाडी सिकंदराबादहून औरंगाबाद करत मनमाडला येऊन त्या लोहमार्गाला भेटली. तेव्हापासून आमचे प्रत्येक मुंबईला जाणे आधी वायव्येला मनमाडकडे आणि मग नैर्ऋत्येला. रेल्वेचे अंतर ३७५ किलोमीटर भरते, सरळ रेघेपेक्षा जवळजवळ शंभराने जास्त. समृद्धी महामार्गही इगतपुरीच्याच बाजूने उतरतो, फक्त त्याने कसारा घाटाला आठेक किलोमीटरच्या जुळ्या बोगद्याने बगल दिली. ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा खुला झाल्यापासून माळीवाड्याला चढलेली गाडी साडेतीन-चार तासांत भिवंडीजवळ येते. पुढे ठाण्याच्या कोंडीत काय होईल ते ज्याच्या त्याच्या नशिबावर. कल्याण-मुरबाड-नगर अशी रेल्वे व्हावी ही मागणी फार जुनी आहे. ती झाली असती तर रूळ नाणेघाटाच्या जवळून गेले असते, आणि नगरहून इकडे जोड मिळाली असती तर मराठवाड्याचा मनमाडचा वळसाही वाचला असता.

आमचे विमान त्या दिवशी माझ्या पट्टीच्या रेघेवरून गेले नाही. ते आकाशात आखून दिलेल्या बिंदूंवरून गेले आणि थोडे उत्तरेकडे सरकले, त्यामुळे उजव्या खिडकीतून भंडारदऱ्याचा जलाशय आणि कळसूबाईची रांग दिसली. सह्याद्रीची धार वरून पाहताना कळते, की दख्खनचे पठार संपत नाही, तुटते. एका बाजूला शेतांचे सपाट तुकडे, दुसऱ्या बाजूला सावलीत बुडालेले कोकण, मध्ये पायरी. सकाळचे ऊन पाठीमागून येत असल्याने कड्यांखाली अजून झुंजुमुंजूच होते. मुंबईत सूर्य आमच्यापेक्षा दहा मिनिटे उशिरा उगवतो, रेखावृत्तांचे अंतर अडीच अंशांचे म्हणून. घड्याळ दोन्हीकडे एकच असल्याने हे फरक आता कुणाच्या लक्षात येत नाहीत.

मुंबईची मुख्य धावपट्टीही पूर्व-पश्चिम आहे. समुद्रावरून वारा येतो म्हणून वर्षाचा बराच काळ विमाने पूर्वेकडून, घाटकोपर-कुर्ल्याच्या छपरांवरून उतरतात. आम्ही पूर्वेकडूनच येतो, तेव्हा हे आपल्या सोयीचे. गैरसोय अशी, की तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात; एका वेळी एकच वापरता येते. देशातली इतकी विमाने त्या एका पट्टीवर उतरायला येतात, की आपल्यासारख्या छोट्या गावाहून आलेल्याला कल्याणच्या वर एक चक्कर मारायला सांगितले तर नवल नाही. आम्हाला सांगितले. शेजारचे गृहस्थ वाळूजच्या कारखान्यात काम करणारे, आठवड्याला येजा करणारे. त्यांनी डोळे न उघडताच म्हटले, “डोंबिवली दाखवतायत.”

उतरल्यावर मात्र एक गोष्ट खरोखर बदललेली आढळली. पूर्वी विमानतळ ते फोर्ट हा तास-दीड तासाचा जुगार असे. ऑक्टोबर २०२५ मध्ये आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो पूर्ण सुरू झाली. टी-१ आणि टी-२ दोन्हीकडे तिची स्थानके आहेत आणि ती थेट छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला आणून सोडते. पाऊण तासात मी फोर्टात होतो. त्याच महिन्यात नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरपासून तिथून विमाने उडू लागली. चिकलठाण्यापासून ते विमानतळ सरळ रेघेत १६ किलोमीटर जवळ आहे. फोर्टात काम असलेल्याला ही जवळीक काय कामाची! अटल सेतू आहे, पण मेट्रोसारखी गाडी तिथून नाही. १६ किलोमीटर वाचवून तासभर गमावण्याचा हा सौदा पनवेल-बेलापूरकडे जाणाऱ्यांनीच करावा.

एकूण हिशेब असा झाला: घराच्या दारापासून फोर्टातल्या दारापर्यंत साडेचार तास. त्यात हवेत चाळीसपंचेचाळीस मिनिटे, घिरटी धरून. रेल्वेने तेच दार गाठायला साडेसहा तास. विमानाने दोन तास वाचले आणि तिकिटाला चौपट पैसे गेले. विमानाला दोन तास उशीर झाला असता तर मी फक्त पैसे घालवले असते.

दिल्लीचे गणित निराळे आहे. चिकलठाण्याहून दिल्ली ९८० किलोमीटर, मुंबईच्या साडेतीनपट. तिकिटावरची वेळ पावणेदोन-दोन तास. म्हणजे अंतर साडेतीनपट, वेळ अर्धा-पाऊण तास जास्त, कारण जमिनीवरच्या रांगण्याची, चढाउताराची मिनिटे दोन्हीकडे सारखीच. रेल्वेने मात्र सचखंड एक्सप्रेसला जवळजवळ अख्खा दिवस लागतो. आणि त्याआधी? १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने राजधानी देवगिरीला हलवली, गावाचे दौलताबाद केले. काही वर्षांनी भारतात आलेल्या इब्न बतूताने दिल्ली-दौलताबादची वाट चाळीस दिवसांची असल्याचे लिहून ठेवले आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडे होती असेही तो सांगतो. हवाई अंतराने पाहिले तर दिवसाला पंचवीस किलोमीटर. सुलतान दौलताबादला असला की त्याच्या पिण्यासाठी गंगेचे पाणी हरकाऱ्यांकरवी एवढ्या लांब आणले जायचे. ज्या डोंगरावर ते पाणी चढले तो डोंगर आता विमान सुटल्यावर पाच मिनिटांत मागे पडतो.

तेव्हा कुणी मला विचारले, संभाजीनगर-मुंबई विमानाने किती लांब, तर मी २७९ किलोमीटर सांगणार नाही. मुंबईत काम असेल तर रेल्वे किंवा समृद्धी धरा. विमान घ्या ते मुंबईहून पुढे उडायचे असेल तेव्हाच, किंवा सकाळचे काम खरोखरच अडलेले असेल तेव्हा. दिल्ली, हैदराबाद, बंगळुरूसाठी मात्र विमानाला पर्याय शोधू नका. आणि या शहरासाठी काही मागायचेच असेल, तर मोठी इमारत किंवा लांब धावपट्टी मागण्याआधी रात्री मुक्कामाला राहणारे एक विमान मागावे, पहाटे मुंबईला जाऊन रात्री परत येणारे. विमानांची वेळापत्रके मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात. उद्योजकांच्या संघटनांनी आणि लोकप्रतिनिधींनी आपले अर्ज त्याच्या चार महिने आधी करावेत, बदलल्यानंतर नव्हे.